सोमवारचा फोटो

दर सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं, की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ताई स्वतःचे फोटो काढायची. एक-दोन नव्हेत, चांगले वीस-पंचवीस. त्यातला एक निवडून ती डीपीला लावायची आणि मग कुठे ॲप्रन चढवून काच घासायच्या मशीनवर बसायची.

चष्म्याच्या या दुकानात तिची एकतीस वर्षं गेली होती. मालक आतल्या खोलीत डोळे तपासून नंबर काढायचे आणि बाहेर ताई तो नंबर माणसाच्या नाकावर नीट बसवून द्यायची. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, फ्रेमच्या आकाराला काच घासायची, कानाच्या मापाने काड्या वाकवायच्या. इतके चेहरे पट्टी लावून मोजल्यावर स्वतःच्या चेहऱ्याबद्दल कसले गैरसमज उरणार? उजवीकडे जबड्याखाली मांस ओघळलं होतं, भुवईही त्या बाजूची खाली आली होती. डावी बाजू अजून अब्रू राखून होती, म्हणून फोटोत कायम डावी बाजू. फोन कपाळाच्या वर धरायचा, हनुवटी जरा पुढे काढायची, जीभ टाळूला चिकटवायची म्हणजे गळ्याची घडी ओढली जाते. आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलायच्या, म्हणजे काचेवर दिव्याची चमक पडत नाही. ही शेवटची युक्ती धंद्यातली. बाकीच्या तिने स्वतः शोधून काढल्या होत्या, आरशासमोर, दात घासताना.

एवढं करूनही काही कमी राहिलंच तर फोन होता. त्याच्यात चेहरा गुळगुळीत करायची सोय होती आणि ताई ती शेवटच्या खुणेपर्यंत सरकवायची. मग पंचावन्न वर्षांची बाई चाळिशीची दिसायची, आणि तीही सुखवस्तू. मालक तिची थट्टा करायचे. आज कोणत्या सिनेमाचं शूटिंग, हिरो आला का, असं आतून विचारायचे. ताईचा नवरा बस चालवायचा. बायकोकडे निरखून बघायची वेळ त्याच्यावर त्याचा चष्मा हरवला तरच यायची, त्यामुळे घरून काही त्रास नव्हता.

हा सगळा खटाटोप फक्त एका माणसासाठी होता, आणि ते माणूस तीन वर्षं तिच्याशी बोललं नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण. लहानपणी गोल चेहऱ्याची आणि डोळे विस्फारून बघणारी म्हणून घरात तिला लाकडी बाहुलीवरून ठकी म्हणायचे आणि आता पन्नाशीला आली तरी ती ठकीच होती. बसने चार तास लागतात अशा गावात ती राहायची. तिथल्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायची. लग्न तिने केलं नव्हतं. आई तिच्याकडेच होती, शेवटपर्यंत.

आईच्या शेवटच्या आजारपणात सात महिने ठकीने एकटीने काढले. ताई महिन्यातून एकदा जायची, एक रात्र राहायची, फळं आणायची, सल्ले द्यायची आणि परत यायची. नोकरी, नवरा, घर, कारणं खरी होती. पण खरी कारणं देऊनही माणूस ओशाळतंच. शेवटच्या खेपेला तिच्याकडे नवा फोन होता. आईला उशांना टेकवून बसवलं होतं. ताई तिच्या शेजारी कॉटवर बसली, आईने डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं, ताईने हात लांब करून फोटो काढला.

फोन दुकानातून आला तोच चेहरे गुळगुळीत करायची सोय चालू ठेवून. शिवाय मागचं सगळं धूसर करून पुढचे चेहरे उठावदार करायची त्याला खोड होती. फोटोत आईच्या गालांचे खड्डे भरून आले, डोळ्यांखालचं काळं पुसलं गेलं, कातडीचा पिवळेपणा गेला. आई दोन महिन्यांत हिंडूफिरू लागेल अशी दिसत होती. ताईने तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आज आई छान दिसतेय.’

झालं. सगळ्यांचे निःश्वास सुटले. मावशी म्हणाली, पुढच्या महिन्यात येते. परदेशातल्या भावाने तिकीट दोन आठवडे पुढे ढकललं. नवव्या दिवशी आई गेली. भाऊ पोचला तो रिकाम्या कॉटपाशी.

सगळं आटोपून ताई परत निघाली तेव्हा ठकी दारात उभी होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, “तुझ्या फोटोत आई बरी झाली. सगळे निवांत झाले. आता तूही निवांत जा.” आणि दार लागलं. त्यानंतर ताईने फोन केले, ते वाजत राहिले. निरोप पाठवले, ते वाचले गेले आणि तसेच पडून राहिले. भावाने मध्यस्थी करून बघितली, तर ठकीने त्यालाही दोन महिने लांब ठेवलं. मग ताईने तोंड मिटलं.

एक दार मात्र ठकीने लावलं नव्हतं. तिचा डीपी ताईला दिसत होता. याचा अर्थ ताईचाही तिला दिसत असणार. ती बघते की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता, पण ताईला तेवढी फट पुरे होती. तिने दर सोमवारी नवा फोटो लावायला सुरुवात केली. आधी त्यात थोडी खुन्नस होती, बघ, तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही. पुढे खुन्नस आपोआप विरली आणि मागे उरलं ते नुसतं ‘बघ’.

ठकी वर्षातून तीन-चारदा फोटो बदलायची. तो दिवस ताईचा सणाचा. फोटो मोठा करून ती कोपऱ्या-कोपऱ्यातून बघायची. पडदा नवा घेतलेला दिसतोय. ही खुर्ची आईची. ठकीच्याही चेहऱ्यावर एक सुरकुती नसायची. ही सोय तिलाही सापडलेली दिसत होती. आईच्या फोटोवरून एवढं बोललीस आणि स्वतः मात्र, असं एकदा ताईच्या मनात आलं. मग तिला वाटलं, ठकी कोणासाठी छान दिसतेय? त्या विचाराने ती दिवसभर खुशीत होती आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काडी तिने उलट्या बाजूला वाकवली.

असाच एका मंगळवारी ठकीचा नवा फोटो आला. ताईने डबा बाजूला सारला आणि फोन नाकाशी धरला. ठकी हसत होती, केसांचा मधोमध भांग, तीच तपकिरी फ्रेम. सगळं ठीक होतं आणि काहीतरी ठीक नव्हतं. ते काय हे कळायला ताईला अर्धं मिनिट लागलं.

लांबचं कमी दिसणाऱ्यांच्या, म्हणजे मायनस नंबरच्या काचेतून बघितलं, की मागचं सगळं बारीक दिसतं. समोरून पाहिलं तर गालाची कडा काचेच्या आत आल्यावर तुटते आणि नाकाकडे सरकते. नंबर जितका मोठा, तितकी कडेची ही रेघ जास्त आत. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच ताई मनातल्या मनात नंबर सांगायची आणि मालकांशी पैज लावून जिंकायचीही. ठकीच्या दोन्ही डोळ्यांना मायनस तीन होता. पहिला चष्मा ताईनेच तर करून दिला होता, तिच्या विसाव्या वर्षी. या फोटोत एका बाजूची रेघ होती तिथेच होती. दुसऱ्या बाजूची पार आत गेली होती. मायनस सात तरी असेल.

ताईने जुने फोटो काढले. ते सगळे तिने जपून ठेवले होतेच. सहा महिन्यांपूर्वीचा, वर्षापूर्वीचा. ती रेघ दर फोटोत थोडीथोडी आत सरकत होती आणि तिने पडदे बघितले होते, खुर्च्या बघितल्या होत्या. तिला स्वतःची शरम वाटली. या वयात एकाच डोळ्याचा नंबर असा धावत सुटला, की बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं. आत मोतीबिंदू धरलेला असतो. आणि तिथला कोणी दुकानदार तिला दर वेळी नुसती काच बदलून देत होता.

पण मग शंका आली, की हा फोनचाच प्रताप तर नव्हे? चेहरा बारीक करताना यानेच रेघ वाकवली असेल तर? ताईने तपासणीच्या काचांची पेटी बाहेर आणली. ती जड, गोल, डोळ्यांपुढे काचा अडकवायच्या खाचा असलेली फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली. एका बाजूला मायनस तीन, दुसऱ्या बाजूला मायनस सात. तिला समोरचं काहीही धड दिसेना. अंदाजाने फोन धरून तिने स्वतःचे फोटो काढले, कधी गुळगुळीत करून, कधी न करता. मग सातच्या जागी चार, चार बदलून पाच, पाच बदलून सहा. मालक बाहेर आले आणि बघतच राहिले. एकतीस वर्षांत इतकं भयंकर रूप पाहिलं नव्हतं म्हणाले. ताई हसली नाही, म्हणून ते चष्मा पुसून शेजारी येऊन बसले. दोघांनी मिळून फोटो शेजारीशेजारी लावले. फोन गाल बारीक करत होता खरा, पण रेघेची तुटलेली जागा तशीच राहत होती. रेघ मायनस सातशी जुळली.

“डोळा कुठला?” मालकांनी विचारलं.

आणि ताईला ते सांगता येईना. आपण आपलाच काढलेला फोटो कधी आरशासारखा उलटा येतो, कधी सरळ. ठकीच्या उजव्या गालावर तीळ होता, त्याच्यावरून कळलं असतं. पण फोनने सुरकुत्यांबरोबर तोही पुसून टाकला होता. लहानपणी ज्या तिळावर ताई बोट ठेवून घंटी वाजवायची, तो तीळ कुठेच नव्हता. ताईला एकदम पोरकं वाटलं. बहिणीचा चेहरा हातात होता आणि त्याची डावी-उजवी बाजू तिला ठरवता येत नव्हती.

तीन वर्षं तिने मनात एक निरोप घोळवला होता. त्यात माफी होती, आईची आठवण होती, थोडी तक्रारही होती. त्या दुपारी तिने तो सगळा लिहिला आणि सगळा पुसला. मग लिहिलं, ‘कुठल्या डोळ्याचा नंबर वाढलाय? डाव्या की उजव्या?’ आणि पुन्हा वाचायच्या आत पाठवून दिला.

निरोप वाचला गेल्याची खूण लगेच आली. नंतर काहीच नाही. ताईने त्या दिवशी दोन काचा फोडल्या. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी फोन वाजला. एकच शब्द होता.

‘डावा.’

ठकी सूक्ष्मदर्शकात डाव्या डोळ्याने बघायची. ताईने लिहिलं, ‘ये. मी बघते.’ ते कमी वाटलं म्हणून पुढे लिहिलं, ‘मालक बघतील. मी नुसती असेन.’

ठकी शनिवारी आली, दहाच्या बसने. काचेच्या दारातून ती आत येत होती तेव्हा ताई एका बाईच्या कानामागे काडी बसवत होती, आणि ती काडी तशीच धरून उभी राहिली. ठकी बारीक झाली होती. केस पांढरे झाले होते आणि ते रंगवायची तिने तसदी घेतली नव्हती. गालावर तीळ होता. तिनेही ताईकडे बघितलं, पण ती दोन पावलं पुढे आली आणि डोळे बारीक करून थांबली, जशी माणसं पाटी वाचायला थांबतात. कानामागची काडी टोचायला लागली तशी ती गिऱ्हाईक बाईच म्हणाली, अहो, तुमच्याकडे पाहुण्या आल्यात वाटतं.

मालकांनी ठकीला आत नेऊन नीट तपासलं. मोतीबिंदूच होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, शस्त्रक्रिया करायची, डोळा पहिल्यासारखा होईल, घाबरायचं कारण नाही, फक्त आता काचा बदलत बसू नका, असं त्यांनी सांगितलं. मग चहा प्यायला म्हणून ते बाहेर पडले. मालक चहा पीत नाहीत हे ताईला ठाऊक होतं.

आतल्या खोलीत अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. ठकी उंच खुर्चीत बसली होती आणि ताई उगाचच काचा पुसून पेटीत लावत होती.

“तो फोटो आहे तुझ्याकडे अजून?” ठकीने विचारलं.

कुठला ते विचारायची गरज नव्हती. ताई म्हणाली, आहे. मग तिने फडकं खाली ठेवलं. “ठकी, मला तेव्हाच दिसलं होतं. फोटो खोटा आहे ते. मी रोज चेहरे मोजते, मला दिसणार नाही? मला तो खरा वाटायला हवा होता, म्हणून मी पाठवला. फोनचा काही दोष नाही.”

ठकीने तक्त्याकडे बघत सांगायला सुरुवात केली. ताई गेल्यावर नऊही दिवस आई तो फोटो मागत होती. सकाळी उठली की आधी फोन. तिचे कपडे बदलताना, भरवताना, तिच्या उशाशी तो फोटो उघडा ठेवावा लागायचा. आई त्याच्याकडे बघून हसायची. ठकी समोर बसलेली असायची, आणि आई फोनमधल्या ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून असायची. भावाने तिकीट पुढे ढकललं त्याचा राग आला होता, नाही असं नाही. पण तो राग सांगण्यासारखा होता म्हणून ठकीने तोच सांगितला.

“दुसरा?” ताईने विचारलं.

“काढ फोटो.”

ताईने फोन उघडून दिला. ठकीने चष्मा काढला, अगदी जवळचं तिला चष्म्यावाचूनच दिसायचं, फोन डाव्या डोळ्यापासून अर्ध्या वीतेवर धरला आणि बोटांनी फोटो मोठा केला. आईचा चेहरा बाजूला सरकला, ताईचा सरकला, मागचं दार आलं. ताईने हा फोटो हजारदा पाहिला होता आणि दाराकडे कधी बघितलं नव्हतं. दारात एक फिकट निळा डाग होता.

“ही मी,” ठकी म्हणाली. “आईला पुसायला गरम पाणी आणत होते. तू म्हणालीस, इकडे बघ. मला वाटलं, मलाही म्हणतेयस. मी दारात थांबले, पातेलं हातात, आणि हसलेसुद्धा.”

ताईने तो डाग पाहिला. त्याच्यात चेहरा नव्हता. फोनने तो पुसून मऊ करून टाकला होता. पण एकदा कळल्यावर वाकलेला खांदा दिसत होता, पातेल्याची कड दिसत होती. सात महिने त्या घरात जी उभी होती तिला तिने शेजारी ये म्हणून हाक मारली नव्हती. तिच्या मनात तेव्हा आलंही नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिला रडू फुटलं. ते तिने आवरलं नाही.

“मला बोलवायला हवं होतं तुला,” ती म्हणाली. “मी बोलवलं नाही.”

“नाही बोलवलंस.”

“मग तीन वर्षं माझे फोटो...”

“बघत होते. दर सोमवारी. डोळ्याला चिकटवून.” ठकीने फोन खाली ठेवला. “मंगळवारपर्यंत नाही आला तर मला वाटायचं, आजारी पडलीस की काय. एकदा बुधवारी आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत दोघांवर ओरडले होते.”

ताई रडतारडता हसली. तो बुधवार तिला आठवत होता. फोन बिघडला होता. डोळ्याच्या वेळी मी येऊन राहते, आठ दिवस, पंधरा दिवस, असं ती म्हणाली आणि ठकीने बरं म्हटलं. फळं आणू नकोस, असंही म्हणाली.

मग ठकी खुर्चीतून उतरली. चष्मा तिने घातलाच नाही. “आता रडणं थांबव आणि उजेडात ये. आल्यापासून मला तू नीट दिसलेली नाहीस.”

ताई तक्त्याच्या उजेडात जाऊन उभी राहिली. ठकी जवळ आली, आणखी जवळ, तिचा श्वास गालाला लागेल इतकी. तीन वर्षं ताईला नेमकं हेच हवं होतं. पण सवयीने तिची हनुवटी पुढे झाली, जीभ टाळूला चिकटली, मान आपोआप वळली.

ठकीने तिची हनुवटी दोन बोटांत धरली.

“ही बाजू मला पाठ आहे,” ती म्हणाली. “दुसरी दाखव.”

ताईने मान वळवली आणि उजवी बाजू तिच्यासमोर केली.